लॉक स्क्रीनवरचं नोटिफिकेशन: दाखवायचं, झाकायचं की बंदच करायचं?

संध्याकाळच्या विरार लोकलमध्ये तुमचा फोन तुम्ही एकटेच वाचत नसता. बँकेचा एसएमएस आला की किती रुपये गेले नि किती उरले, हे खांद्यावरून डोकावणाऱ्यालाही कळतं. फोन लॉक असला तरी.

पूर्ण मजकूर दाखवणं सोयीचं खरं, पण लॉक असलेला फोन चोराच्या हाती लागला तरी ओटीपी त्याला आयता वाचायला मिळतो.

मजकूर झाकण्यासाठी आयफोनवर सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, शो प्रिव्ह्यूज इथे ‘व्हेन अनलॉक्ड’ निवडा. फेस आयडी असेल तर जाच नाही. फोनकडे पाहिलं की मजकूर उघडतो. अँड्रॉइडवर नोटिफिकेशन्समध्येच लॉक स्क्रीनचा पर्याय असतो, तिथे ‘सेन्सिटिव्ह’ मजकूर लपवा (शब्द कंपनीगणिक बदलतात). एका हाताने हँडल धरून बोट टेकवणं कटकटीचं, तरी आमचं मत यालाच. ॲपचं नाव मात्र दिसत राहतं, आणि कर्जाच्या ॲपचं नुसतं चिन्हही पुरेसं बोलतं. अशा दोन-चार ॲप्सची नोटिफिकेशन्स लॉक स्क्रीनवरून बंदच करा. सरसकट सगळी बंद केलीत तर दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघत बसाल.

सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घातलं तर यातलं काहीच कामाला येत नाही, ओटीपी तिकडे जातो. त्यासाठी सिमला पिन लावा. तीनदा चुकलात तर पीयूके (अडकलेलं सिम उघडण्याचा कंपनीचा कोड) लागतो, म्हणून मूळ पिन कंपनीकडून आधी विचारून घ्या.

अँड्रॉइडचं खरं भगदाड वेगळंच आहे. सेटिंग्ज, ॲप्स, स्पेशल ॲप ॲक्सेसमध्ये नोटिफिकेशन वाचण्याची परवानगी कुणाकुणाला आहे ते पाहा. स्मार्टवॉचच्या ॲपला ती लागते. डिलीट झालेले मेसेज दाखवणारं ॲपही तीच मागतं आणि मग तुमचं सगळंच वाचतं. अँड्रॉइड १५पासून अनोळखी ॲप्सपासून ओटीपी झाकला जातो, बाकीचा मजकूर उघडाच. आयफोनवर एक ॲप दुसऱ्याची नोटिफिकेशन्स वाचू शकत नाही.

वाटेतली गळती दोन्हीकडे सारखी. ॲपचं नोटिफिकेशन बहुधा ॲपल किंवा गूगलच्या सर्व्हरवरून येतं, आणि सरकारं त्या नोंदी मागतात हे अमेरिकी सिनेटर रॉन वायडन यांच्या डिसेंबर २०२३च्या पत्राने उघड झालं. सिग्नल हे मेसेजिंग ॲप त्या वाटेने नुसतीच ‘जागा हो’ अशी हाक पाठवतं. मजकूर नंतर फोनवरच उलगडतो. हाक कधी आली, हे मात्र तिथेही कळतंच.