आरक्लोन आणि रेस्टिक: नऊ महिने वापरल्यावर

आधी पसारा सांगते. ३८० जीबी फायली. त्यात निम्म्याहून जास्त फोटो, बाकी स्कॅन केलेले कागद आणि बारा वर्षांचं लिखाण. लिनक्सचा लॅपटॉप, त्याला यूएसबीने जोडलेली एक डिस्क आणि पलीकडे क्लाउडवर विकत घेतलेली जागा. पहिले चार महिने मी नुसतं आरक्लोन वापरलं, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउड यांच्यात फायलींची ने-आण करणारा प्रोग्रॅम. गेले पाच महिने बॅकअपचं काम रेस्टिक हे खास बॅकअपसाठीचं साधन करतं आणि आरक्लोन त्याच्या हाताखाली हमाली करतं. ही अदलाबदल का करावी लागली, मुख्यतः तेच सांगायचंय.

क्लाउडवाल्यांचं आयतं ॲप का नको, असं कुणीही विचारेल. माझ्याकडच्या ॲपला सगळं एकाच फोल्डरमध्ये लागायचं, आणि ते कधी काय वर चढवतंय याचा पत्ता लागायचा नाही. आरक्लोन आणि रेस्टिक दोन्ही टर्मिनलमधून, म्हणजे आज्ञा टाइप करून चालतात. त्याची मला फारशी हौस नाही. पण तिथे सांगितलं तेवढंच होतं, सांगितलं तेव्हाच होतं, आणि झाल्याची नोंद मागे राहते.

आरक्लोन बसवणं सोपं. गो या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेली एकच फाइल, सत्तराहून जास्त सेवांशी बोलणारी. कॉन्फिग ही आज्ञा दिली की ते एकेक प्रश्न विचारत जातं, मध्ये ब्राउझर उघडून परवानगी घेतं, की झालं. पहिल्याच दिवशी एक गंमत कळली. ‘फोटो’ हे फोल्डर कॉपी कर म्हटलं की ते फोल्डर जात नाही, त्याच्या पोटातलं सगळं जातं. पलीकडेही ‘फोटो’ असं नाव लिहिलं नाही, तर क्लाउडच्या अंगणात हजारो फायली विखुरतात. माझ्या विखुरल्या. गोळा करायला अर्धा दिवस गेला.

दुसरी चूक वेगाची. इंटरनेटचा किती वेग खायचा ते आवरायला बीडब्ल्यूलिमिट नावाचा पर्याय आहे. मी १० एम लिहिलं, मनात दहा मेगाबिट. आरक्लोन हा आकडा बाइटमध्ये मोजतं, आणि एका बाइटमध्ये आठ बिट. म्हणजे मी त्याला ऐंशीहून जास्त मेगाबिटची मोकळीक दिली होती. व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड हलायचं आणि आवाज अडखळत यायचा, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. याच पर्यायात वेळापत्रकही देता येतं, दिवसा ५१२ के आणि रात्री अकरानंतर मोकळं, असं. हे मला फार आवडलं. मोठे व्हिडिओ भराभर जातात, पण पाचपन्नास केबीच्या हजारो स्कॅन फायली मुंगीच्या पावलांनी जातात. एका वेळी चार फायली पाठवायची त्याची मूळ सवय आठवर नेली, तेव्हा जरा बरं झालं.

आता मराठीत फायलींची नावं ठेवणाऱ्यांनी इकडे लक्ष द्यावं. आरक्लोनमध्ये क्रिप्ट नावाचा थर आहे. तो फायलीतला मजकूरही एन्क्रिप्ट करतो, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही असा करतो, आणि तिचं नावही. एन्क्रिप्ट झालेलं नाव मुळापेक्षा लांब होतं. त्यामुळे जिथे नावाला २५५ अक्षरांची मर्यादा आहे, तिथे मूळ नावाला १४३ बाइटच उरतात. रोमन लिपीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, तिथे १४३ पुष्कळ झाले. देवनागरीत मात्र प्रत्येक चिन्हाचे तीन बाइट होतात, आणि काना, मात्रा, वेलांटी, पायमोडका हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ डोळ्यांना एक अक्षर दिसतं, पण आत सहा चिन्हं, म्हणजे १८ बाइट. माझी एक फाइल होती, ‘वार्षिक सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त दुरुस्तीसह अंतिम मसुदा’. सातच शब्द. शेपटाचं एक्स्टेंशन न धरताही ते १५६ बाइट भरतात. ही फाइल रोज रात्री अडायची, आणि नाव तर मला मुळीच लांब वाटत नव्हतं. एका संध्याकाळी बोटांवर मोजत बसले, तेव्हा उलगडा झाला. एन्क्रिप्ट झालेलं नाव रोमन अक्षरांत लिहायची पद्धत (एन्कोडिंग) बेस ३२ ऐवजी बेस ६४ केली तर जरा जास्त जागा मिळते, पण पलीकडची सेवा लहान-मोठ्या रोमन अक्षरांत फरक करणारी हवी. मी सरळ नावं छाटली.

हे सगळे किरकोळ ताप. खरा घाव चौथ्या महिन्यात बसला.

रात्री साडेअकराला माझी स्क्रिप्ट, म्हणजे आज्ञा लिहून ठेवलेली फाइल, आरक्लोनची सिंक ही आज्ञा चालवायची. कॉपी नव्या आणि बदललेल्या फायली नेते, पलीकडची फाइल पुसत नाही. सिंक पलीकडची बाजू अलीकडच्यासारखी हुबेहूब करते, म्हणजे इकडे नसलेलं तिकडून पुसते. एका रात्री यूएसबीची वायर सैल होऊन डिस्क सुटली. ती ज्या फोल्डरवर जोडलेली असायची ते फोल्डर जागेवरच राहिलं, रिकामं. फोल्डरच नसतं तर आरक्लोनने चूक दाखवून काहीही पुसायला नकार दिला असता. पण रिकामं फोल्डर ही त्याच्या लेखी चूक नाही, तुमची इच्छा आहे. सकाळी लॉग, म्हणजे कामाच्या नोंदींची फाइल, उघडला तर ‘डिलीटेड’ शब्दांचा रकाना संपता संपेना. अकरा हजारांवर फायली.

माझ्या सेवेत पुसलेलं काही दिवस कचरापेटीत राहतं म्हणून सगळं परत मिळालं आणि जीव भांड्यात पडला. पण त्या दिवशी चहा घशाखाली उतरला नाही, एवढं खरं. दोष आरक्लोनचा नाही. पुसण्याला आकड्याची वेसण घालणारा मॅक्स-डिलीट आहे, पुसलेलं बाजूला ठेवणारा बॅकअप-डिर आहे, काय होणार ते न करता दाखवणारा ड्राय-रन आहे. सगळं माहितीपत्रकात लिहिलेलं. मी एकही वापरला नव्हता. वेसण नंतर घातली, पण खुटखुट गेली नाही. डिस्कवरची एखादी फाइल खराब झाली तर सिंक तीच खराब फाइल इमानेइतबारे वर नेणार. मी चार महिने ज्याला बॅकअप म्हणत होते तो आरसा होता, आणि आरशात कालचं तोंड दिसत नाही.

तिथून रेस्टिककडे वळले. हेही गोमध्येच लिहिलेलं आणि मोफत. प्रत्येक वेळी ते त्या क्षणाचा स्नॅपशॉट ठेवतं, म्हणजे तेव्हा सगळ्या फायली कशा होत्या ते. फायलींचे सरासरी एक एमबीचे तुकडे करतं, आणि तुकडा आधीच पोचलेला असेल तर पुन्हा पाठवत नाही. तुकडे कुठे पाडायचे हे मजकुरावरून ठरतं, म्हणून फायलीच्या सुरुवातीला चार ओळी घातल्या तरी पुढचं सगळं नवं धरलं जात नाही. मी एकदा ६० जीबी फोटोंची वर्षवार नवी मांडणी केली, फोल्डरांची नावं बदलली. त्या रात्रीही फोटो पुन्हा वर गेले नाहीत. २०२२ मधल्या ०.१४ आवृत्तीपासून यात कॉम्प्रेशनही, म्हणजे डेटा दाबून लहान करणंही आलंय. फोटोंना त्याचा उपयोग शून्य, लिखाणाच्या फायली मात्र छान आक्रसतात. एन्क्रिप्शन मुळातच आहे, बंद करायची सोय नाही. फायलींची नावं तुकड्यांच्या आतच राहतात, त्यामुळे बाइट मोजायची कटकटही मिटली.

पहिला बॅकअप पाच रात्री चालला. मध्ये दोनदा लॅपटॉप बंद झाला, पण वर गेलेले तुकडे वाया गेले नाहीत. आता रोजचं काम दोन मिनिटांचं.

खटकलेल्या गोष्टीही आहेत. फर्गेट ही आज्ञा दिली की जुने स्नॅपशॉट यादीतून जातात, जागा मात्र मोकळी होत नाही, त्याला प्रून वेगळं सांगावं लागतं. दोन महिने मी फर्गेटवर समाधान मानून बिल का उतरत नाही म्हणून डोकं खाजवत होते. काम चालू असताना लॅपटॉपचं झाकण मिटलं तर रेस्टिकने बॅकअपच्या साठ्याला घातलेलं कुलूप मागे अडकून राहतं आणि पुढची साफसफाई अडते. अनलॉक म्हटलं की सुटतं, पण पहिल्यांदा घाबरायला होतं. नुसती चेक ही आज्ञा आतला मजकूर वाचतच नाही, फक्त सांगाडा तपासते. मजकूर तपासायचा तर रीड-डेटा-सबसेट. मी महिन्यातून एकदा पाच टक्के तपासते, कारण तेवढा डेटा खाली उतरवावा लागतो आणि बऱ्याच सेवा उतरवण्याचे पैसे घेतात.

स्क्रिप्ट आपोआप चालवणं हा वेगळाच अध्याय. हाताने चालवली की चालायची, क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणारं लिनक्सचं साधन) चालायची नाही. क्रॉनला माझा पाथ, म्हणजे प्रोग्रॅम कुठल्या फोल्डरांत शोधायचे ती यादी, ठाऊक नसतो, हे समजेपर्यंत आठवडा गेला. शिवाय साडेअकराला लॅपटॉप झोपलेला असेल तर क्रॉन ती फेरी चुकवतं आणि विसरून जातं. क्रॉनऐवजी लिनक्सच्याच सिस्टीमडीचा टायमर घेतला आणि त्यात पर्सिस्टंट चालू ठेवलं, तेव्हापासून चुकलेली फेरी लॅपटॉप सुरू केल्यावर होते.

आणि एकदा क्लाउडने दिलेल्या परवानगीच्या टोकनची मुदत संपली. चूक रोज लॉगमध्ये लिहिली जात होती, लॉग कुणी वाचत नव्हतं. एकोणीस दिवस बॅकअप नाही आणि मी निवांत. तेव्हापासून चूक झाली का हे मी विचारतच नाही. सकाळी दुसरी छोटी स्क्रिप्ट शेवटच्या स्नॅपशॉटची तारीख बघते. ती दोन दिवसांहून जुनी असेल तर मला ईमेल येतो.

परत मिळवून बघण्याची परीक्षा मी सहाव्या महिन्यात घेतली, बहिणीचा लॅपटॉप मागून. रेस्टिक बसवलं, आणि त्याने पासवर्ड विचारला. तो होता माझ्या पासवर्ड मॅनेजरमध्ये. त्या मॅनेजरची फाइल होती डिस्कवर आणि बॅकअपमध्ये. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटात. बहीण म्हणाली, “ताई, तू रोज रात्री नक्की काय करत होतीस गं?” माझा लॅपटॉप शेजारीच होता म्हणून निभावलं. रेस्टिकचा पासवर्ड गेला तर डेटा कायमचा गेला, मागचं दार नाही. आता तो कागदावर लिहून पाकिटात घालून तिच्याकडे ठेवलाय, सोबत आरक्लोनच्या कॉन्फिग फाइलची छापील प्रत. त्या फाइलमधले पासवर्ड नुसते झाकलेले असतात, ते कुणालाही उघडता येतात, म्हणून पाकीट चिकटवलेलं.

त्यानंतर खरी गरज एकदाच पडली. एका लेखातली दोन पानं मी उडवली होती आणि आठवड्याने ती हवी झाली. रेस्टिकचं माउंट चालवलं की तारखांची फोल्डरं समोर येतात. (विंडोजवर ही सोय नाही, तिथे रिस्टोअरच करावं लागतं.) मागच्या मंगळवारात शिरले, फाइल उघडली, पानं उचलली.

मोबाइलवरचे फोटो अजून या साखळीत आलेले नाहीत. ते मी दर रविवारी वायरने लॅपटॉपवर घेते, आणि आठवण राहिली तरच.