ओव्हरटाईमचे दुप्पट पैसे की बदली सुट्टी?

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकाम कारखान्यात, भट्टीजवळ बारा तास राबलेल्या माणसाला आधी काय हवं? 1948 च्या कारखाने कायद्याने दिवसाला 9 किंवा आठवड्याला 48 तासांवरच्या कामाला दुप्पट दर ठरवला. मुलांची फी भरायला तो लगेच उपयोगी पडतो. पण झोप त्यातून भरून निघत नाही. रात्री उशिरा सुटून खानापूरकडची शेवटची गाडी गाठायची, सकाळी सातला पुन्हा हजर. अशात हात भाजायला कितीसा वेळ लागतो!

हक्काच्या रविवारी काम केलं, तर बदली सुट्टी त्याच महिन्यात किंवा पुढच्या दोन महिन्यांत द्यावी, असं त्याच कायद्यात होतं; नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. भातलावणीच्या दिवसांत मी तरी सुट्टीच मागेन. मात्र ती दिली म्हणून ओव्हरटाईमचे पैसे बुडवता येत नाहीत. आणि सलग 5 तास भरायच्या आत अर्धा तास विसावा त्या जुन्या कायद्यात होता, तो वेगळाच.