पाचलाच मावळणारा सूर्य: एकटीच्या अंदमान सहलीची आखणी करून देणाऱ्या सेवेबद्दल

पुण्यात दोघी मैत्रिणी मिळून चालवत असलेल्या एका लहानशा प्रवास-नियोजन सेवेकडून मी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातली अंदमानची सहा दिवसांची सहल आखून घेतली. या दोघी पॅकेज विकत नाहीत. एकट्या जाणाऱ्या बाईसाठी दिवसवार आराखडा करून देतात, विमानाची, बोटीची आणि खोल्यांची आरक्षणे आपण आपल्याच नावाने करायची असतात, आणि या आखणीचे त्या साडेचार हजार रुपये घेतात. सेवेचे नाव मी येथे देत नाही, कारण माझी एक तक्रार त्यांच्याकडे अजून पडून आहे आणि तिचा निकाल लागण्याआधी त्यांना चारचौघांत उभे करणे मला योग्य वाटत नाही. तरीही पैसे कशाचे दिले, त्यांतले किती वसूल झाले आणि कुठे फसले, हे सविस्तर लिहिले तर जिला स्वतःच आखणी करायची आहे तिच्याही ते कामी येईल.

पहिला फोन चाळीस मिनिटे चालला. एकटी जाते आहे म्हटल्यावर काळजीचा जो ठरावीक सूर ऐकावा लागतो, तो ऐकण्याची मी तयारी ठेवली होती. पण पलीकडच्या मुलीने पहिलाच प्रश्न विचारला तो असा, ‘ताई, प्रत्येक धक्क्यावर तुम्ही किती वाजता उतरणार, ते आधी ठरवू. बाकीचे मागाहून.’ कारण साधे होते, पण माझ्या ध्यानात आले नव्हते. अंदमान आपल्यापासून कितीतरी पूर्वेला असूनही तेथील घड्याळ मात्र भारतीय प्रमाणवेळेवरच चालते, त्यामुळे डिसेंबरात मुंबईत सहाच्या सुमारास मावळणारा सूर्य तेथे पाचच्या आतच बुडतो आणि साडेपाचला पूर्ण काळोख होतो. आपल्या डोक्यात सायंकाळ म्हणजे सहा-सात असते, आणि त्या हिशेबाने दिवस आखला की नवख्या बेटावर, नवख्या रस्त्याने, सामान ओढत अंधारात खोली शोधण्याची पाळी येते. एकट्या बाईच्या दृष्टीने अंदमान तसे निर्धास्त आहे. हिंदी सगळीकडे चालते, हॅवलॉक आणि नील या दोन्ही बेटांवरची वस्ती मुख्यतः बंगाली कुटुंबांची आहे आणि कोणी उगाच वाटेला जात नाही. त्यामुळे खरी काळजी माणसांपेक्षा वेळापत्रकाची करावी लागते, आणि हे ओळखूनच या दोघींनी आराखडा बांधलेला होता. माझ्या मते त्यांच्या सेवेतली सर्वांत मोलाची गोष्ट हीच.

आराखड्याची चौकट सांगण्यासारखी आहे. पहिली रात्र पोर्ट ब्लेअरला, दोन हॅवलॉकला, एक नीलला आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअरला. (हॅवलॉक आणि नील ही बेटे 2018 पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झाली, पोर्ट ब्लेअर 2024 पासून श्री विजयपुरम झाले, रिक्षावाल्यांच्या तोंडी मात्र अजून जुनीच नावे आहेत, म्हणून मीही तीच वापरते.) हॅवलॉकहून नीलला थेट बोट असल्यामुळे हा फेरा त्रिकोणी होतो आणि मध्ये राजधानीला परतण्याचा हेलपाटा वाचतो. शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवण्याबद्दल त्यांचा आग्रह होता, कारण वारा वाढला की बोटी रद्द होतात, आणि सकाळी बेटावरून निघून दुपारचे विमान गाठण्याचा बेत एका खवळलेल्या सकाळीच कोसळतो. माझ्या कच्च्या यादीत स्कूबा डाइव्ह शेवटच्या दिवशी सकाळी होती. तीही त्यांनी तिसऱ्या दिवशी आणली, कारण पाण्याखाली गेल्यानंतर विमानात बसण्याआधी निदान अठरा तास जाऊ देणे शहाणपणाचे समजले जाते. ही गोष्ट मला एकाही हॉटेलवाल्याने सांगितली नव्हती.

बोटींबाबतचा त्यांचा सल्लाही पटला. खासगी बोट पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला साधारण दीड तासात नेते, सरकारी बोटीला अडीच तास लागतात आणि तिचे भाडे पुष्कळ कमी असते. खासगी बोटीत बंद, वातानुकूलित कक्षात बसावे लागते. ज्यांना बोट लागते त्यांच्यासाठी हे हाल असतात. म्हणून जाताना खासगी आणि परतताना सरकारी बोट, वर डेकवर उभे राहण्यासाठी, असे त्यांनी सुचवले. नीलहून परतीच्या त्या सरकारी बोटीत मी एकदाही खाली बसले नाही. दोन्ही बोटींचे धक्के वेगळे आहेत, खासगी हॅडोहून आणि सरकारी फिनिक्स बेवरून, हेही ठळक अक्षरांत लिहिलेले होते. रिक्षावाल्याला नुसते ‘जेट्टी’ म्हटले असते तर मी नक्कीच भलत्या धक्क्यावर पोहोचले असते.

पहिल्या दुपारी सेल्युलर जेल होतेच. मराठी माणूस अंदमानला गेला आणि तेथे गेला नाही असे सहसा होत नाही, आणि आईनेही ‘कोठडीसमोर हात जोडून ये’ असे बजावले होते. सात इमारतींपैकी आज तीनच उभ्या आहेत. तिसऱ्या मजल्यावरील सावरकरांच्या कोठडीपाशी एका शाळेची मुले रांगेने येत होती, म्हणून मी लांबच्या जिन्यापाशी थांबले आणि गर्दी ओसरल्यावर आत गेले. नियोजकांनी ध्वनी-प्रकाश कार्यक्रमाचा हिंदी खेळ निवडला होता आणि परतीसाठी रिक्षा आधीच सांगून ठेवायला लावली होती. बाहेर पडले तेव्हा काळोख होता आणि सगळे लोक एकाच वेळी रिक्षा शोधत होते, तेव्हा त्या एका ओळीचे महत्त्व कळले.

खोल्या निवडण्याची त्यांची पद्धत मला फार आवडली. तारांकने आणि छायाचित्रे बाजूला ठेवून त्या मालकाला फोन करून विचारत होत्या: दाराला आतून कडी आहे का, मुख्य रस्त्यापासून खोलीपर्यंत दिवा आहे का, रात्री कचेरीत कोण झोपते, जवळ जेवणाची सोय किती वाजेपर्यंत असते. हॅवलॉकची खोली या चारही कसोट्यांना उतरली. तेथे दिवसाला पाचशे रुपयांनी स्कूटी मिळाली, मूळ परवाना दाखवावा लागला. राधानगरच्या किनाऱ्यापर्यंत सरकारी बस जाते हे आराखड्यात होते, तरी मी स्कूटीनेच गेले आणि सूर्यास्तानंतर रेंगाळले नाही, कारण परतीचा रस्ता झाडीतून जातो आणि त्यावर दिवे नाहीत. डाइव्हच्या दिवशी प्रशिक्षकाने आधी छातीपर्यंतच्या पाण्यात अर्धा तास तोंडाने श्वास घेण्याचा सराव करून घेतला. मुखवट्यात पाणी शिरल्यावर मी घाबरून उभी राहिले तेव्हा त्याने फक्त दोन बोटे वर करून थांबण्याची खूण केली, आणि मी स्वतःहून मान हलवेपर्यंत तो मला खाली घेऊन गेला नाही. फोटो आणि चित्रफितीचे पैसे वेगळे पडतात. ते आधी विचारून घ्यावे.

नीलच्या पानावर भरती-ओहोटीच्या वेळा लिहिलेल्या होत्या. ज्यांना हे किरकोळ वाटेल त्यांनी लक्षात घ्यावे की तेथील नैसर्गिक खडकाचा पूल ओहोटीतच नीट पाहता येतो, आणि भरतपूर किनाऱ्याचे पाणी ओहोटीला इतके उथळ होते की पोहण्याची हौस गुडघ्यावर राहते. ओहोटीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे मैत्रिणीने मागच्या महिन्यात सांगितलेली वेळ आपल्या उपयोगाची नसते. प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नये, तो वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहे आणि विमानतळावर सामान तपासताना सापडतो, हीदेखील त्यांचीच सूचना.

आणि तरीही फसले ते नीललाच. हॅवलॉकहून दुपारची बोट त्यांनी अशी निवडली होती की ती वेळेवर पोहोचली असती तरी माझ्या हाती जेमतेम अर्धा तास उजेड उरला असता. म्हणजे पहिल्या फोनवर ठरवलेला नियम त्यांनी स्वतःच पातळ केला होता, आणि मीही तो आराखडा वाचताना लक्षात घेतला नाही. समुद्राने बोटीला उशीर केला आणि मी सव्वापाचला अंधारात उतरले. ठरलेला रिक्षावाला निघून गेला होता. दुसऱ्याने नेले, पण तेथे कळले की माझी पुढची खोली एका कुटुंबाने आणखी एक दिवस ठेवून घेतल्यामुळे मला मागची झोपडी दिली आहे. या एकाच खोलीचे आरक्षण, नीलला माझा फोन लागेना म्हणून, नियोजकांनी करून दिले होते. मागच्या झोपडीकडे जाणारी वाट सुपारीच्या झाडांतून जात होती, तिच्यावर एकही दिवा नव्हता, आणि दाराच्या कडीचा वरचा स्क्रू निघालेला असल्यामुळे कडी लावली की कोयंडा हाताबरोबर हलत होता.

मी नियोजकांना फोन लावला. नेटवर्क एक रेघ होते. समुद्राखालून चेन्नईहून ऑप्टिकल फायबर 2020 मध्ये आले असले तरी नीलच्या आतल्या भागात त्याचा भास फारसा होत नाही. तिसऱ्या प्रयत्नाला फोन लागला तेव्हा सहा वाजून दहा मिनिटे झाली होती, आणि ध्वनिमुद्रित आवाजाने सांगितले की कामकाजाची वेळ सकाळी दहा ते सायंकाळी सहा आहे. जेथे अंधार पाचला पडतो तेथे गेलेल्या बाईच्या मदतीचा फोन सहाला बंद होतो, हे एवढा विचार करणाऱ्या लोकांच्या ध्यानात कसे आले नाही, याचे मला अजून नवल वाटते. खोली बदलल्याचा निरोप त्यांना दुपारीच मिळाला होता. त्यांनी तो व्हॉट्सॲपवर पाठवला होता आणि माझ्या फोनवर तो दुसऱ्या दिवशी पोर्ट ब्लेअरला उमटला.

रात्र निभावली ती मालकाच्या आईमुळे. मी बॅग दाराला लावून ठेवत असताना त्या हातात विजेरी घेऊन आल्या, कडी हलवून पाहिली, काही न बोलता परत गेल्या आणि स्क्रूड्रायव्हर, दोन स्क्रू आणि नातवाला घेऊन आल्या. नातवाने स्क्रू पिळेपर्यंत त्या दिवा धरून उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘खाना इधर ही खाएगा, हमारे साथ.’ डाळ, भात, भाजलेले वांगे आणि सुरमईचे कालवण जेवून मी त्यांच्या बाजूच्या खोलीत झोपले, कारण झोपडीत जाऊ देणे त्यांना पटेना. जेवणाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत.

परत आल्यावर मी नियोजकांना सगळे लिहून कळवले. त्यांनी क्षमा मागितली आणि निम्मे शुल्क परत देऊ केले. शुल्कापेक्षा ग्राहक बेटावर असेतोवर रात्री नऊपर्यंत चालू राहील असा एक क्रमांक, आणि धक्क्यावर उशिरात उशिरा दुपारी साडेतीनला उतरण्याचा न वाकणारा नियम, या दोन गोष्टी मी मागितल्या आहेत. नियम त्यांनी मान्य केला. क्रमांकाबद्दल ‘विचार करून सांगतो’ एवढेच उत्तर आले आहे.

ज्या बाईने बेटावरचा प्रवास पूर्वी केलेला नाही, तिने साडेचार हजार रुपये द्यावेत असे माझे मत आहे. बोटींचा क्रम, डाइव्हचा दिवस आणि ओहोटीच्या वेळा स्वतः शोधण्यात माझे तीन-चार रविवार गेले असते. एकदा जाऊन आलेलीला याची गरज नाही. सेवा घेणारीने मात्र खोलीच्या मालकाचा आणि रिक्षावाल्याचा क्रमांक कागदावर उतरवून घ्यावा, चार-पाच हजार रुपये रोख जवळ ठेवावेत, कारण नेटवर्क गेले की यूपीआय चालत नाही, आणि एक छोटी विजेरी सामानाच्या तळाशी न ठेवता हातातल्या पिशवीत ठेवावी. पुढच्या वर्षी मला लक्षद्वीपला जायचे आहे. तेथे आपल्यालाही प्रवेश परवाना लागतो आणि त्याची कागदपत्रे मला एकटीने करायची नाहीत. तोवर त्यांचा तो क्रमांक सुरू झाला असेल तर त्यांच्याचकडे जाईन.