आधी रस्ता-बंदर की आधी कारखाने? युनिट टाकायच्या आधी एवढं बघा

समजा दोन जागा समोर आहेत. एकीकडे रुंद रस्ते, वीज, बंदर सगळं तयार पण प्लॉट ओस, आणि दुसरीकडे गल्लीबोळात युनिटं धडधडतायत पण रस्त्याला खड्डे आणि पाणी टँकरचं. बहुतेक जण पहिल्या जागेवर भाळतात. मी सहसा दुसरीकडे झुकतो, का ते सांगतो.

आधी सोयी, मग कारखाने, याचं गाजलेलं उदाहरण चीनमधल्या शेंझेनचं शेकोऊ. १९७९ पासून तिथे आधी जमीन सपाट केली, पाणी-वीज-रस्ता-धक्का आणला, मग कारखाने आले. पण ऑर्डरी देणारं हाँगकाँग खाडीपलीकडेच होतं हे लोक विसरतात. श्रीलंकेत हंबनटोटाला २०१० मध्ये बंदर झालं, मागे माल बनवणारं फारसं कुणी नव्हतं, जहाजं फिरकेनात, शेवटी २०१७ ला ९९ वर्षांच्या लीजवर द्यावं लागलं.

आता उलटा क्रम. पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये फुटबॉल आणि सर्जरीची अवजारं बनतात, समुद्र हजारेक किलोमीटर लांब, तरी धंदा आधी वाढला. मग निर्यातदारांनीच पुढाकार घेऊन ड्राय पोर्ट (समुद्रापासून लांब, निर्यातीच्या मालाचं कस्टमचं काम जिथे होतं ती जागा) उभं केलं, पुढे पैसे काढून विमानतळ बांधला, तो २००७ ला चालू झाला. हलका आणि किमती माल, त्याला विमान परवडतं, म्हणजे सोय मालाच्या मापाने शिवली गेली.

पण तमिळनाडूतलं तिरुपूर बघितलं की माझं मत जरा डळमळतं, खरं सांगतो. होजियरी जोरात वाढली, डाईंगचं सांडपाणी नोय्यल नदीत जात राहिलं, आणि २०११ ला मद्रास हायकोर्टाने डाईंग युनिटं बंद करायला लावली. रंगवलेलं कापडच येईना म्हटल्यावर शिलाईवाले, पॅकिंगवाले, ज्यांचा नदीशी काही संबंध नाही तेही अडकले. रस्ता उशिरा आला तर भाडं जास्त जातं, पण सांडपाण्याची सोय उशिरा आली तर शटरच पडतं.

म्हणून डाईंग, केमिकल, चोवीस तास चालणारी भट्टी असलं काही असेल तर तयार सोयींची जागाच घ्या, त्यात वाद नाही. मशीनिंग, शिलाई, असेंब्ली, जॉबवर्कवर चालणारं काम असेल तर खड्डे सोसा आणि जुन्या क्लस्टरमध्ये, म्हणजे एकाच धंद्याची युनिटं दाटलेल्या भागात जा, फिटर, डाय म्हणजे साचा बनवणारा डायमेकर, उधारीवर कच्चा माल देणारा, सगळे हाकेच्या अंतरावर मिळतात. तरी नव्या पार्कचाच मोह होत असेल तर प्लॉटचा रेट नंतर विचारा, आधी विचारा की शेजारी कोण आलंय आणि डाय तुटली तर ती दुरुस्तीला कुठे न्यायची.