पुण्यात ‘चॅम्पियन ब्लडलाइन’चे ससे विकतायत, पैसे द्यायच्या आधी हे वाचा

मंडळी, जरा मोठं होणारे पण पूर्ण वाचा, कारण तो माणूस अजूनही विकतोय आणि परवाच वारज्यातल्या एका ओळखीच्या बाईंना त्याने तेच फोटो पाठवलेत.

आम्ही त्याच्याकडून हॉलंड लॉप जातीच्या सशांची काळी जोडी घेतली, ३८ हजाराला. हडपसरच्या बाजूला त्याचं शेड आहे. ताई, साधे ससे नाहीत हे, मादी अमेरिकन रजिस्टर्ड ग्रँड चॅम्पियन आहे, जजने १०० पैकी ९४ मार्क दिलेत, पिल्लं झाली की मीच ८ हजाराला एक परत घेतो, असं सगळं तोंडपाठ बोलतो. सोबत लॅमिनेट केलेलं सर्टिफिकेट, त्यावर सोनेरी शिक्का. पिल्लं परत घ्यायचं मात्र कुठेच लिहून दिलं नाही, नंतर फोनच उचलेना.

मग मी सशांच्या स्पर्धांमध्ये, म्हणजे शोमध्ये, ससे नक्की कसे बघतात ते वाचून काढलं आणि त्या सर्टिफिकेटचं एकेक वाक्य खोटं निघालं.

पहिलं म्हणजे ते ९४ मार्क. अमेरिकेत आर्बा नावाची ससे पाळणाऱ्यांची संघटना १९१० पासून आहे, तिच्या पुस्तकात प्रत्येक जातीचे १०० गुण वाटून दिलेले असतात, अंगाची ठेवण, डोकं, कान, केस, रंग असे. पण ते गुण कशाला किती महत्त्व द्यायचं हे कळावं म्हणून असतात, टेबलावर जज बेरीज करून मार्कलिस्ट देत नाही. एका गटातले ससे शेजारी शेजारी ठेवून तुलना होते, नंबर लागतात आणि जज प्रत्येकाबद्दल दोन शब्द बोलतो.

दुसरं ग्रँड चॅम्पियन. त्यासाठी तीन ‘लेग’, म्हणजे शोमधले धरले जाणारे विजय, लागतात, तेही निदान दोन वेगळ्या जजकडून, आणि गटात किमान ५ ससे आणि ३ मालक असतील तरच तो विजय धरतात. शिवाय ससा आधी रजिस्टर झालेला हवा आणि ६ महिन्यांच्या आत रजिस्ट्रेशन होतच नाही. आमची मादी घेतली तेव्हा ४ महिन्यांची, हे त्यानेच त्याच कागदावर लिहिलंय!

आणि कान. तिथे शोमधल्या प्रत्येक सशाच्या डाव्या कानात नंबर गोंदलेला असतो, तो नसेल तर ससा सरळ बाद. उजव्या कानात रजिस्ट्रेशनची खूण असते. आमच्या दोघांचे कान टॉर्च लावून बघितले, कोरे. कागदावर मात्र नंबर छापलेला. हे तुम्ही त्याच्या शेडमध्ये उभं राहून बघू शकता, काही खर्च नाही.

वजनाचं तर विचारूच नका. हॉलंड लॉपला शोमध्ये ४ पौंडाच्या वर चालत नाही, म्हणजे साधारण १ किलो ८०० ग्रॅम. आमचा नर किचनच्या काट्यावर अडीच किलो भरला आणि वंशावळीत बापाचं वजन साडेपाच पौंड लिहिलंय, म्हणजे ज्याला चॅम्पियन म्हणून नाचवलं तो स्वतःच टेबलावरून उतरवला गेला असता.

पण मला खरा संताप आला तो दातांवरून. जज सशाला उताणा करून दात, नखं, पोटाखालचं सगळं तपासतो. वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसायला हवेत. आमच्या मादीचे टोकाला टोक भिडतात, त्यामुळे झिजत नाहीत आणि सशाचे दात आयुष्यभर वाढतच राहतात. डॉक्टर म्हणाले हा दोष बरेचदा आईबापाकडून येतो, हिची पिल्लं घेऊ नका. आता दर काही आठवड्यांनी दात घासून घ्यायला न्यावं लागतं, ती बिचारी भुकेली असून गवत सोडून देते तेव्हा जीव तुटतो. आणि हे जनावर त्याने ब्रीडिंगसाठी म्हणून विकलं. नराचं एक नख पांढरं आहे, पूर्ण काळ्या सशात तेही बाद करायचं कारण असतं, पण त्याने निदान त्याला दुखत तरी नाही.

ससे परत देणार नाही, ते आता आमचेच आहेत. पैशांसाठी ग्राहक आयोगात तक्रार टाकतोय. २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, त्याला नंबर विचारला तर विषयच बदलला, तेही तक्रारीत घातलंय. तुमच्यापैकी कोणी त्याच्याकडून घेतले असतील तर यूपीआयचे स्क्रीनशॉट, चॅट आणि ते लॅमिनेटेड सर्टिफिकेट अजिबात फेकू नका, आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. मला मेसेज केलात तर माझ्या तक्रारीचा मसुदा पाठवते, नावं आणि रक्कम बदलून वापरता येईल.