नऊ इंची रेझिनची क्रिब: माणसं सुबक, गाढव चुकलेलं

ठाणे पश्चिमेच्या एका धार्मिक वस्तूंच्या दुकानातला क्रिबचा, म्हणजे नाताळला मांडायच्या येशूजन्माच्या गोठ्याचा, हा अकरा नगांचा सेट, किंमत ४,२०० रुपये. बाळ येशू, मारिया, योसेफ, तीन राजे, एक मेंढपाळ, एक देवदूत, बैल, गाढव आणि मेंढरू. नऊ इंच ही उभ्या योसेफाची उंची, बाकी सगळं त्या मापात बसायला हवं.

क्रिब घेताना बहुतेक जण मारियेचा चेहरा बघतात, राजांच्या झग्यावरचं सोनेरी काम बघतात आणि पैसे देतात. जनावरं कुणी उलटून बघत नाही. साचेवाल्यालाही ते ठाऊक असतं, त्यामुळे त्याचा हात तिथेच आखडतो. या सेटमध्ये तसंच झालंय.

जनावरं म्हणजे गोठ्याची सजावट, असं समजून चालत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, रानात कळप राखणारे मेंढपाळ आहेत. बैल आणि गाढव मात्र त्यात कुठेच नाहीत. ते आले बायबलच्या जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, पहिल्या अध्यायातल्या तिसऱ्या ओवीतून. बैल धन्याला ओळखतो, गाढवाला मालकाची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र कळत नाही, अशी देवाची ती तक्रार आहे. चौथ्या शतकातल्या दगडी शवपेट्यांवर बाळाशेजारी ही जोडी कोरलेली सापडते. संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली तेव्हा चारा आणि खरा बैल, खरं गाढव आणवलं, आणि मिस्सा, म्हणजे कॅथलिक उपासना, तिथेच झाली. म्हणून या दोघांची तोंडं बाळाकडेच हवीत. ओळखणं हेच तर त्यांचं काम.

इथे बैल पास होतो. बसलेला आहे, मान त्याच्या स्वतःच्या डावीकडे वळवलेली, म्हणजे बघणाऱ्याच्या डाव्या हाताला ठेवला की नजर थेट गव्हाणीत जाते. शिंगं जाड आहेत, लवकर तुटायची नाहीत. त्याला वशिंड नाही, कारण साचा युरोपी बैलाचा. वशिंडवाला बैल हवा असेल तर पोळ्याला मिळणारा मातीचा बैल खुशाल ठेवा, त्यात काहीही गैर नाही. फक्त माप जुळवा.

गाढव मात्र फसलंय. उभं असूनही खांद्यापाशी जेमतेम साडेतीन इंच. खरं गाढव माणसाच्या छातीच्या खाली येतं, म्हणजे नऊ इंची योसेफाशेजारी ते साडेपाच इंचांच्या आसपास हवं. उलट मेंढरू साडेचार इंच, तेही साडेतीनच्या वर नको होतं. दोघं शेजारी ठेवली की मेंढरू वासरासारखं दिसतं आणि गाढव कोकरासारखं. शिवाय गाढव सरळ समोर बघतं. त्याला तिरकं ठेवून गव्हाणीकडे वळवावं लागतं, आणि मग त्याचा पार्श्वभाग राजांच्या तोंडासमोर येतो.

मेंढराच्या मापाबद्दल एवढा आग्रह अशासाठी, की सगळ्या जनावरांत उपासनेत सर्वांत खोल गेलेलं तेच आहे. ठाण्याचं जुनं चर्च ज्या संत योहान बाप्तिस्ता यांच्या नावाचं, त्यांनीच येशूला देवाचा कोकरा म्हटलं, आणि आजही मिस्सात भाकर मोडताना त्याच नावाने हाक मारली जाते. दुकानात तीन इंची सुटी मेंढरं मिळतात, सहा नगांचे ३६० रुपये. ती घ्या आणि सेटमधलं मोठं मेंढरू बाजूला ठेवा.

उंट सेटमध्ये नाही, सुटा घ्यावा लागतो. तोही यशयाचाच, साठाव्या अध्यायातला. नाताळनंतर जानेवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या तीन राजांच्या सणाला मिस्सातलं पहिलं वाचन तेच असतं. त्यामुळे उंट आणि राजे नाताळच्या रात्री गोठ्यात घुसवू नका. लांबच्या कोपऱ्यात ठेवा आणि त्या सणापर्यंत रोज थोडे पुढे सरकवा. बसलेला उंट घेतलात तर बरं. उभ्या उंटाचा सगळा भार चार काड्यांवर येतो आणि तडा घोट्यापाशी जातो.

सेटची सगळ्यात मोठी चूक म्हणजे बाळ आणि गव्हाण एकाच साच्यात ओतलेत. आगमनकाळात, म्हणजे नाताळआधीच्या तयारीच्या आठवड्यांत, गव्हाण रिकामी राहायला हवी, बाळ २४ डिसेंबरच्या रात्री ठेवायचं. इथे ते जमतच नाही. तोपर्यंत अख्खी गव्हाण झाकून ठेवायची, किंवा सुटं बाळ असलेला सेट मागायचा. हाच सेट सुट्या बाळासह पाचशे रुपये जादा देऊन मिळतो. ते पाचशे जरूर द्या.

माल खरोखर रेझिनचा आहे का, हे दुकानातच कळतं. तळाच्या न रंगवलेल्या भागावर पाण्याचा एक थेंब टाका. रेझिनवर तो तसाच राहतो, प्लास्टर लगेच पिऊन टाकतं. इथल्या अकराही नगांवर थेंब टिकला. ठाण्याच्या पावसाळ्यात याला फार महत्त्व आहे: प्लास्टर ओल धरतं, आतली तार गंजून फुगते आणि कान, शिंगं, पाय तिथूनच फुटतात. रेझिनला ओलीची भीती नाही, पण पडलं तर कान कडकन जातो. तुकडा सापडला तर दोन नळ्यांचं अराल्डाइट सम प्रमाणात मिसळून चिकटवा आणि रात्रभर हलवू नका. तुकडा हरवला तर एम-सीलचे दोन भाग सारखे मळून कान घडवा, सुकल्यावर ॲक्रिलिक रंग द्या.

पेंढा भाताचाच घ्या, पण मांडण्याआधी दोन दिवस कडक उन्हात टाका. ओला पेंढा आठवड्यात बुरशी धरतो आणि बैलाच्या पोटाखाली काळे डाग उमटतात. पेंढ्याजवळ मेणबत्ती नको, एलईडीची माळ पुरे. हिरवळीसाठी नाचणी पसरट ताटलीत दहा-बारा दिवस आधी पेरा.

दुकानदाराने प्रत्येक नग सोडून दाखवला, हे मान्य करायला हवं. बांधणी मात्र कच्ची: गाढवाच्या कानांना वर्तमानपत्राचा एकच थर होता. घरी ठेवताना वर्तमानपत्र काढून टाका, दमटपणात त्याची शाई रंगावर उतरते. जुन्या सुती कापडात गुंडाळा, गाढव आडवं ठेवा, खोक्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका. सुटी मेंढरं डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत संपतात, तेव्हा ती आधी घ्या.