निओविम, नऊ महिने: एस्केप दाबलं की ओळी का पळत होत्या

गेल्या महिन्यात एक भाषांतर करून दिलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, ‘चौथ्या परिच्छेदातली दोन वाक्यं उलटसुलट आहेत, हे मुद्दाम केलंय का?’ मुद्दाम कशाला करीन! उघडून पाहिलं तर खरंच, नंतरचं वाक्य आधी आणि आधीचं नंतर. शब्द एकही हललेला नव्हता, काना-मात्रा जागेवर होत्या. मी एका ओळीत एकच वाक्य लिहितो, म्हणजे फाइलीतली एक अख्खी ओळ उचलून खाली ठेवली गेली होती. आणि ती मी ठेवलेली नव्हती.

निओविम हा एडिटर, म्हणजे मजकूर आणि कोड लिहायचा प्रोग्रॅम, नऊ महिने वापरल्यावर त्याबद्दल सविस्तर लिहायचं ठरवलं होतंच. म्हटलं, आता या प्रकरणाचा छडा लावूनच लिहू.

पार्श्वभूमी थोडक्यात. माझा लॅपटॉप आठ वर्षांचा आहे, मेमरी चार जीबी. नवीन एडिटर उघडले की पंखा असा फिरतो की आता हा उडणार. मशीन बदलायची माझी तयारी नाही. चालतंय तोवर चालवायचं. म्हणून टर्मिनल (आज्ञा टाइप करायची नुसत्या अक्षरांची खिडकी), टर्मिनलमध्ये टीमक्स (एकाच टर्मिनलमध्ये अनेक खिडक्या चालवणारा प्रोग्रॅम) आणि टीमक्समध्ये निओविम. पहिल्याच दिवशी मी सगळे करतात तोच शहाणपणा केला: कुणाची तरी तयार कॉन्फिग, म्हणजे एडिटरच्या सेटिंगच्या फाइली, उचलली. साताठशे ओळी, लुआ भाषेतल्या बारा-पंधरा फाइली, ४३ प्लगइन (वरून जोडायचे छोटे प्रोग्रॅम). स्क्रीनशॉट झकास दिसत होता. त्यातल्या कितीतरी ओळी काय करतात हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागेल.

खरी कटकट सुरू झाली मराठी लिहायला घेतल्यावर. मी इनस्क्रिप्टने, म्हणजे प्रत्येक कळीवर ठरलेलं देवनागरी अक्षर असलेल्या कीबोर्डाने, टाइप करतो. सिस्टिमचा कीबोर्ड मराठी करून लिहायचं, इथवर ठीक. पण निओविममध्ये लिहायचा मोड वेगळा (इन्सर्ट) आणि कळींनी आज्ञा द्यायचा वेगळा (नॉर्मल). एस्केप दाबून नॉर्मल मोडमध्ये आलात की कर्सर हलवायला एडिटरला एच, जे, के, एल हवं असतं आणि तुमचा कीबोर्ड त्याला प, र, क, त देत असतो. एडिटर ढिम्म हलत नाही. मग कीबोर्ड इंग्रजी करा, दोन ओळी खाली जा, आय दाबून इन्सर्टमध्ये या, कीबोर्ड परत मराठी करा. दिवसातून शेकडो वेळा. पहिल्या तीन महिन्यांत मी ‘परकत’ हा शब्द शिवीसारखा वापरायला लागलो होतो.

आधी लँगमॅप करून पाहिला. प म्हणजे एच, र म्हणजे जे असं एका ओळीत सांगायचं. व्यंजनांपर्यंत छान चाललं. पण इनस्क्रिप्टमध्ये डीच्या कळीवर हलन्त आहे आणि ईच्या कळीवर काना. ही चिन्हं एकटी उभी राहत नाहीत, कॉन्फिगमध्ये आधीच्या स्वल्पविरामाला जाऊन चिकटतात. ओळ वाचताच येईना, मग दुरुस्त काय करणार! सोडून दिलं.

मग मदतपानं चाळताना कीमॅप हा पर्याय सापडला. नऊ महिन्यांतला सगळ्यात मोठा आनंद हाच, त्यामुळे यावर जरा जास्त बोलणार आहे. कॉन्फिगच्या फोल्डरमध्ये कीमॅप नावाचा फोल्डर करायचा, त्यात एक फाइल, फाइलीत लोडकीमॅप अशी एक ओळ आणि खाली जोड्या: डावीकडे रोमन कळ, उजवीकडे मराठी अक्षर. (सगळी कॉन्फिग लुआत असली तरी ही एक फाइल विमच्या, म्हणजे निओविम ज्यावरून निघाला त्या एडिटरच्या, जुन्या विमस्क्रिप्ट भाषेतच लिहावी लागते.) सिस्टिमचा कीबोर्ड कायम इंग्रजीच राहतो. इन्सर्ट मोडमध्ये के दाबलं की क उमटतो, एस्केप दाबून तोच के दाबला की कर्सर वर जातो. परत आय दाबा, परत मराठी. मध्ये इंग्रजी शब्द लिहायचा असेल तर कंट्रोल आणि ६, संपलं.

गंमत पुढे आहे. नॉर्मल मोडमध्ये एफ म्हणजे ‘या ओळीत पुढचं अमुक अक्षर शोध’. एफ ही आज्ञा रोमनच राहते, पण तिच्यानंतरचं अक्षर मराठीत घेतलं जातं. एफ दाबून के दाबलं की कर्सर पुढच्या क वर. आर दाबून अक्षर बदलायचं असेल तर तेही मराठीत. तिरकी रेघ दाबून शोध घेतला तर शोधशब्द मराठीत, कोलन दाबून आज्ञा द्यायची असेल तर रोमनमध्ये. हे ज्याने कुणी ठरवलं त्याने रोमनखेरीज दुसऱ्या लिपीत लिहिणाऱ्या माणसाशेजारी बसून ठरवलेलं दिसतं.

फाइल मात्र मी स्वतः लिहिली आणि त्यात दोन दिवस ठ शिवाय काढले. हलन्त आणि मात्रा फाइलीत नुसत्या लिहिण्याऐवजी त्यांचे युनिकोड क्रमांक दिले, हलन्ताचा ९४डी, ते सुरळीत झालं. पण ठ काही केल्या येईना. ‘साठी’ लिहायला जावं तर ठच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह. मराठीत ‘साठी’, ‘मोठा’, ‘ठरलं’, ‘पाठवलं’ यांच्याशिवाय एक परिच्छेद लिहून बघा. कारण कळल्यावर कपाळावर हात मारला. इनस्क्रिप्टमध्ये ठ अवतरणचिन्हाच्या कळीवर असतो आणि विमस्क्रिप्टमध्ये त्या चिन्हाने सुरू होणारी ओळ म्हणजे टिप्पणी. एडिटर माझी ठची ओळ शेरा समजून सोडून देत होता, तीही एक शब्द न बोलता. चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक ३४ लिहिला, ठ हजर.

आणखी एक ओळ मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने घालावी: डेलकम्बाइन. मुळात बॅकस्पेस दाबलं की ‘कु’ पूर्ण जातो, क सकट. हा पर्याय चालू केला की फक्त उकार जातो आणि ‘कू’ करता येतो. एवढंसं काम, पण ऱ्हस्व-दीर्घ तपासताना दिवसभर पुरतं.

तर चौथ्या महिन्यापासून मी असा खुशीत होतो आणि नेमक्या तेव्हापासूनच ओळी पळायला लागल्या. म्हणजे लक्षात तेव्हापासून आलं. कोडच्या फाइलींत आधीही दोनदा झालं होतं, पण तिथे बोट घसरलं असेल म्हणून यू दाबून, म्हणजे बदल रद्द करून, पुढे गेलो. मराठी मजकुरात दोन वाक्यांची अदलाबदल चटकन दिसत नाही, दोन्ही वाक्यं आपापल्या जागी शहाणीच वाटतात. संशय साहजिकच स्वतःच्या कीमॅप फाइलीवर गेला. ठचा गोंधळ ताजा होता. महिनाभर मी त्या फाइलीकडे चोरासारखं पाहत होतो.

याच्याच जोडीला दुसरी तक्रार पहिल्या दिवसापासून होतीच. एस्केप दाबल्यावर मोड बदलायला जरासा वेळ लागायचा. फार नाही, अर्धा सेकंद. पण या एडिटरमध्ये एस्केप ही काही अडीनडीला दाबायची कळ नाही. श्वास घेतल्यासारखी ती दाबली जाते. विमचा पूर्वज व्हीआय १९७६ मध्ये बिल जॉयने ज्या टर्मिनलवर लिहिला, त्या एडीएम-३ए वर एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं, करंगळीच्या टोकाशी. आता ते पार कोपऱ्यात गेलंय, त्यात वर हा अर्धा सेकंद. मी माझ्या टिपणवहीत लिहून ठेवलं होतं: ‘वेगाचा एवढा गाजावाजा आणि साधं एस्केप रेंगाळतं. पाचपैकी दोन.’ उपाय म्हणून टाइमआउटलेन, म्हणजे शॉर्टकटची पुढची कळ येईपर्यंत एडिटरने थांबायची मुदत, मुळातल्या १००० मिलिसेकंदांवरून २०० वर आणलं. एस्केप तसंच राहिलं, उलट स्पेसपासून सुरू होणारे तीन कळींचे शॉर्टकट माझ्या संथ बोटांना जमेनासे झाले. परत १०००.

भाषांतरातल्या त्या निरोपानंतर मात्र रविवारी दरवाजा लावून बसलो. निओविम क्लीन पर्यायाने, म्हणजे कॉन्फिगशिवाय सुरू केलं: ओळी पळत नाहीत. म्हणजे दोष माझ्या फाइलींत. कीमॅप काढून टाकला: ओळी पळतात. महिनाभर ज्याच्यावर आळ घेतला तो निर्दोष! मग एक एक फाइल बाजूला करत गेलो आणि सापडलं ते पहिल्या दिवशी उचललेल्या कॉन्फिगमध्ये. ऑल्ट आणि जे दाबलं की ओळ खाली, ऑल्ट आणि के दाबलं की ओळ वर. पुष्कळ कॉन्फिगमध्ये असतं हे, इन्सर्ट मोडमध्येसुद्धा चालेल असं लिहिलेलं. (व्हर्बोज, म्हणजे सविस्तर उत्तराचा पर्याय, लावून विचारलं की हा शॉर्टकट कुठून आला, तर उत्तर मिळालं ‘लुआमधून’. कुठली फाइल, कितवी ओळ हवं असेल तर एडिटर व्ही-१ हा पर्याय लावून पुन्हा सुरू करायचा. बरं.)

पण मी ऑल्ट कधीच दाबत नाही. तिथे तासभर अडकलो. मग जुनी गोष्ट आठवली: टर्मिनलमध्ये ऑल्ट नावाची वेगळी खूण सहसा जातच नाही. एस्केप म्हणजे २७ क्रमांकाची एक बाइट. ऑल्ट-जे म्हणजे तीच २७ आणि लगेच मागोमाग जे. बाणाच्या कळीसुद्धा २७ नेच सुरू होतात. त्यामुळे २७ आली की समोरच्या प्रोग्रॅमला थांबावं लागतं: हे सुटं एस्केप आहे की मागून आणखी काही येतंय? फरक फक्त वेळेचा. मी वाक्य संपवून एस्केप दाबत होतो आणि खालच्या ओळीवर जायला जे. बोटं जरा चपळ असली की ते दोन्ही मिळून ऑल्ट-जे ठरायचं आणि वाक्य खाली घसरायचं. सिस्टिमचा कीबोर्ड मराठी असताना हे होत नव्हतं, कारण तेव्हा मागून जे नाही, र यायचा. कीमॅप आला, बोटं वेगात चालायला लागली आणि सापळ्यात सापडली.

आता थांबत कोण होतं? निओविम या कामासाठी मुळात फक्त ५० मिलिसेकंद थांबतो. टीमक्सच्या बाहेर येऊन तीच कॉन्फिग उघडली: एस्केप विजेसारखं, ओळी जागच्या जागी. गुन्हेगार टीमक्स! त्याचं एस्केप-टाइम, म्हणजे एस्केप आल्यावर थांबायची मुदत, मुळात ५०० मिलिसेकंद होतं, ३.५ आवृत्तीपासून ते १० वर आणलंय, पण माझ्या जुन्या मशीनवर जुनाच टीमक्स. त्याच्या कॉन्फिग फाइलीत एक ओळ लिहिली, १० मिलिसेकंद, सर्व्हर बंद करून सुरू केला. झालं.

यावर कडी म्हणजे चेकहेल्थ. निओविममध्ये ही आज्ञा दिली की तो आजूबाजूची तपासणी करून अहवाल देतो. नऊ महिन्यांत मी ती कधी दिली नव्हती. आता उत्सुकतेपोटी जुनं मूल्य परत ठेवून दिली, तर टीमक्सच्या भागात स्वच्छ लिहिलेलं: एस्केप-टाइम ३०० मिलिसेकंदांहून जास्त आहे, या फाइलीत कमी करा. फाइलीच्या नावासकट. मी ज्याला पाचपैकी दोन दिले तो बिचारा पहिल्या दिवसापासून उत्तर हातात घेऊन उभा होता. वहीतली ती ओळ खोडली आहे.

तो ऑल्टचा शॉर्टकटही काढला, आणि त्या रविवारी हात धुवून बाकीच्यांच्याही मागे लागलो. ज्या ओळीचं काम मला तोंडी सांगता येणार नाही ती उडवायची, एवढाच नियम. ४३ प्लगइनमधली ५ उरली. कॉन्फिग साताठशेवरून १४० ओळींवर आली, त्यातही निम्मी माझ्याच टिप्पण्या. स्टार्टअपटाइम लावून मोजलं तर उघडायला २९० मिलिसेकंद लागायचे ते ५० च्या आसपास आले. अपडेटनंतर एकदा रंग देणाऱ्या प्लगइनने मॉड्यूल सापडत नाही म्हणून लाल ओळींचा पूर आणला होता, तेव्हा दुपार गेली होती. आता तेही नाही. निओविमच्या ०.११ आवृत्तीपासून लँग्वेज सर्व्हर (कोड तपासून चुका दाखवणारा प्रोग्रॅम) जोडायला वेगळं प्लगइन लागत नाही, दोन ओळींत काम होतं, ते एक बरं झालं.

जोडाक्षरांचं दुखणं मात्र तसंच आहे. टर्मिनल म्हणजे चौकटींची वही. ‘क्ष’ला एडिटर दोन चौकटी मोजतो, फॉन्ट तो एकीत काढून मोकळा होतो, आणि लांब ओळीच्या शेवटी कर्सर दिसतो एका जागी, असतो दुसऱ्या. दोन टर्मिनल बदलून पाहिली, एकात जोडाक्षरं फुटतात, दुसऱ्यात कर्सर वाहवतो. मी फुटलेली जोडाक्षरं पत्करली. निदान कुठे उभा आहे ते तरी कळतं.

आणि एस्केप? ते आता दाबल्या दाबल्या लागतं. माझंच बोट अजून जे दाबण्याआधी अर्धा सेकंद थांबतं.